बोंड जागेवर ठेवणारी

१

रविवारी बाहेर जायचं असलं की सकाळी आधी अंडी उकडायची, हा आमच्या घरचा नियम. अंड्याची सँडविचेस, थर्मासभर चहा, आणि आकाश कितीही निळं असलं तरी पावसाळी कोट. डिकीत घडीच्या खुर्च्या. गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्या तीन असत. या खेपेला मी तिसरी उचलली, दारापर्यंत आणली आणि परत न्यायला निघालो.

"असू दे की डिकीत," एनिड म्हणाल्या. "खायला मागतेय का ती?"

एनिड माझ्या सासूबाई. ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. मेरियल, माझी बायको, नोव्हेंबरात गेली, आणि तेव्हापासून एनिड माझ्याकडेच राहतात. मी त्यांना सांभाळतो, असं शेजारचे म्हणतात. खरं म्हणजे आम्ही दोघं एकमेकांच्या ताटावर लक्ष ठेवून असतो. मेरियल लहानपणी कशी होती हे त्यांना ठाऊक, नंतर कशी होती ते मला. त्या गेल्या तर अर्धी मेरियल जाईल, हा हिशेब मी मनात पुष्कळदा केला होता. हिवाळ्यात त्या जेमतेम खात होत्या, खिडकीशी बसून राहत होत्या, आणि मला भीती वाटत होती.

म्हणून त्या सकाळी त्यांनी टोपी घालून, काठी घेऊन, माझ्या आधी गाडीत जाऊन बसावं याचा मला केवढा आनंद झाला होता.

"अंड्यांत मीठ घातलंस ना, डेस?"

"घातलं."

"मागच्या वेळीही घातलंच होतंस म्हणे."

२

ऑल्डरकोटची हवेली वर्षातून मोजक्याच रविवारी उघडते. मेरियलला ती बघायची होती. एकदा पावसाने बेत बुडाला, एकदा गाडीने दगा दिला, आणि शेवटी तिच्या तपासण्या आल्या. आज हवा अशी होती की रस्ताभर कुंपणांवर पांढरी फुलं लगडली होती आणि एनिड प्रत्येक वळणावर, "हळू घे, बघू दे," म्हणत होत्या.

गाडी लावायच्या कुरणात आम्ही डिकी उघडून सँडविचेस खाल्ली. मीठ कमी होतं. मग बाग. भिंतबंद बागेचं दार ढकललं आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच थांबलो. पिओनीची फुलं, कोबीच्या गड्ड्याएवढी, नुसती ओसंडत होती. विटांच्या भिंतीवर विस्टेरियाचे जांभळे झुबके, त्यांत मधमाश्यांचा एकसुरी आवाज. एनिडनी काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी एक फूल धरून त्यात तोंड खुपसलं. वर आल्या तेव्हा नाकाला पिवळं लागलं होतं.

"मेरियल असती तर यातलं एखादं रोप पिशवीत घातल्याशिवाय हलली नसती," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या. मेरियलचं नाव घेऊन त्या हसल्या, असं त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच होत होतं.

चहाच्या खोलीत स्कोनवर, त्या मऊ गोडसर पावावर, आधी जाम की आधी साय यावरून आमचं नेहमीचं भांडण झालं. त्यांनी माझी साय पळवली. दुसरा स्कोन मागितला आणि संपवला. मी मनात म्हटलं, आता हवेली बघून झाली की सुखाने घरी जाऊ.

३

पहिली खोली ग्रंथालयाची. मेणाचा आणि जुन्या कातड्याचा वास, पडदे अर्धे ओढलेले, बाहेरच्या उजेडातून आल्यावर क्षणभर काही दिसेना.

जुन्या खुर्चीवर 'बसू नका' अशी पाटी ठेवणं आम्हा इंग्रजांना उद्धटपणाचं वाटतं. म्हणून अशा हवेल्यांमध्ये प्रत्येक खुर्चीच्या गादीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात. ते दिसलं की पाहुण्याने समजायचं. कोणी बोलत नाही, कोणी बसत नाही.

मेरियल मात्र बसायची. तिने जन्मात कधी रांग मोडली नाही, वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केलं नाही. तिचा गुन्हा हा एवढाच. खोलीवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक पाठमोरे झाले की ती बोंड उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, श्वासभर खुर्चीत बसायची, उठायची, आणि बोंड होतं तसं पुन्हा जागेवर. मी आणि एनिड पहाऱ्यावर. बाहेर आल्यावर एनिड विचारायच्या, "कशी होती?" आणि ती गुण द्यायची. "दहात सहा. स्प्रिंग टोचते."

ग्रंथालयात सहज माझी नजर खिडकीकडे गेली. कट्ट्यावर एक बोंड होतं. जवळच्या खुर्चीची हिरवी गादी मोकळी होती.

"डेस," एनिड हळूच म्हणाल्या. त्यांनी गादीवर तळहात ठेवला होता. "इकडे ये. हात लाव."

"एनिड, हात लावायचा नसतो."

"बसायचंही नसतं. लाव म्हणते ना."

मी लावला. नुकतंच कोणी उठून गेल्यावर असते तशी ऊब होती.

"ऊन पडलं असेल," मी म्हटलं. पण पडदे अर्धे ओढलेले होते आणि ऊन पार दुसऱ्या कोपऱ्यात, पृथ्वीच्या गोलावर पडलं होतं.

बोंड उचलून मी खुर्चीवर ठेवलं. कोणी पसारा केला असेल तर तो आवरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एनिड माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या गालांवर दोन गुलाबी ठिपके उमटले होते.

४

पुढच्या खोलीत, म्हणजे जेवणघरात, लांबलचक टेबलाच्या टोकाची खुर्ची मोकळी होती. बोंड खिडकीच्या कट्ट्यावर. गादी गरम.

तिथल्या स्वयंसेवकाच्या गळ्यातल्या पट्टीवर मॉरिस असं नाव होतं. निवृत्त बँकवाल्यासारखे दिसणारे, तांबूस गृहस्थ.

"हे असं कोण करतंय?" मी विचारलं.

"तुमच्याही लक्षात आलं का? मी उचलून जागेवर ठेवतो, जरा वळलो की पुन्हा कट्ट्यावर. आता मी काय त्यांच्या मागे पळणार? गुडघा नवीन आहे माझा."

"त्यांच्या म्हणजे कुणाच्या?" एनिडनी विचारलं.

"एक बाई आत्ताच पुढे गेल्या ना. हिरवा पावसाळी कोट. एवढ्या उन्हात कोट, म्हणून लक्षात राहिलं."

मेरियलचा हिरवा कोट मी फेब्रुवारीत धर्मादाय दुकानात देऊन टाकला होता. तसे कोट निम्म्या इंग्लंडकडे आहेत. तो तिचाच असला तरी कोणीतरी विकत घेतलेला असणार, आणि ती बाई आज इथे आलेली असणार. आणि तिलाही हीच खोड. जगात अशा खोडकर बायका किती असतील, मी मनात म्हणत होतो, आणि माझे पाय मात्र पुढच्या दाराकडे निघाले होते.

"चल," एनिड म्हणाल्या.

हवेलीतून फिरायचा मार्ग एकच, जमिनीवर बाण आखलेले. जेवणघराच्या दाराशी एक कुटुंब उभं राहून घड्याळाची माहिती ऐकत होतं. घड्याळ कुणी बनवलं, कुठून आणलं, कितीदा बंद पडलं. दार अडलेलं.

"घुसू या का?" एनिड माझ्या कानाशी म्हणाल्या.

"असं कसं घुसणार?"

"हं. नाहीच घुसता येणार."

आम्ही थांबलो. पलीकडच्या खोलीत खुर्चीची लाकडी करकर ऐकू आली, मग पावलं, मग दुसरं दार लागल्याचा आवाज. एनिडची बोटं माझ्या मनगटात रुतली. कुटुंबातल्या आईने घड्याळाबद्दल आणखी एक प्रश्न विचारला. स्वतःच्या मेलेल्या माणसाच्या पाठलागावर असतानासुद्धा आम्ही दोघं चेहऱ्यावर हसू ठेवून दार मोकळं होण्याची वाट बघत होतो.

५

जिन्याने एनिड माझ्यापुढे होत्या. त्यांची काठी खालीच राहिल्याचं मला वर पोचल्यावर दिसलं.

"तुमची काठी—"

"राहू दे रे. मेरियल थांबणार आहे का आपल्यासाठी?"

पहिलं शयनगृह. बोंड कट्ट्यावर. दुसरं. बोंड कट्ट्यावर. आम्ही लपंडाव खेळणाऱ्या पोरांसारखे दारादारातून डोकावत होतो, आणि हे सांगताना मला संकोच वाटतो, पण मी आनंदात होतो. एका दाराशी हिरव्या कोटाची कड वळताना दिसल्यासारखं झालं आणि मी चक्क धावलो. पन्नाशी उलटलेला माणूस, जुन्या गालिच्यावरून. पोचलो तर खोली रिकामी. एनिड मागून आल्या, छातीवर हात, धापा टाकत, हसत.

"लहानपणीही अशीच पळायची," त्या म्हणाल्या. "हाक मारली की आणखी जोरात."

त्यांच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. निळसर झाला होता.

त्या खोलीतल्या खुर्चीवर बोंड परत ठेवायला मी वाकलो आणि थांबलो. गादीत खड्डा पडला होता. मी हात लावला. ऊब नव्हती ती. आगीजवळ ठेवलेल्या विटेसारखी गादी तापली होती, आणि खड्डा खोल, रुंद होता, कोणीतरी बराच काळ जड होऊन बसल्यासारखा. मेरियल शेवटी एवढीशी झाली होती. तिला उचलून मीच उशीला टेकवत असे.

तेव्हा मला ती साधी गोष्ट सुचली, जी ग्रंथालयातच सुचायला हवी होती. मेरियल बोंड नेहमी परत जागेवर ठेवायची. त्यातच तर गंमत होती. आमच्या पुढे जे कोणी चाललं होतं त्याने एकदाही ठेवलं नव्हतं. त्याला तिची खोड अर्धीच ठाऊक होती.

इतका वेळ मागे ऐकू येणारं ते घड्याळवालं कुटुंब आता ऐकू येत नव्हतं. वरच्या मजल्यावर एकही स्वयंसेवक दिसला नव्हता. बागेतल्या मधमाश्यांचा आवाज मात्र बंद खिडक्यांतून येत होता, किंवा मला तसं वाटलं.

"एनिड, पुरे झालं. खाली जाऊ."

पण त्या पुढे गेल्या होत्या. बोंड माझ्या हातातच राहिलं.

६

शेवटची खोली लहान होती. सकाळचा चहा घ्यायची असावी. पिवळा रेशमी कागद लावलेल्या भिंती, पश्चिमेची खिडकी, खोलीभर ऊन. दाराला लाल दोर असायला हवा होता. तो सोडून खाली ठेवलेला होता.

मध्ये गोल टेबल आणि भोवती तीन खुर्च्या. तिन्ही गाद्यांवर बोंड नाही. कट्ट्यावर तीन बोंडं, नीट ओळीत.

एका खुर्चीवर एनिड बसल्या होत्या. टोपी काढून मांडीवर घेतली होती. इतक्या सुखाने बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ये ना," त्या म्हणाल्या. "आपल्यासाठीच मांडून ठेवलंय तिने. ती येतेच आहे."

मी दुसऱ्या खुर्चीच्या पाठीला हात लावला. मला बसायचं होतं. ते कुणी मला शिकवत नव्हतं, ओढत नव्हतं. दुपारभर धावल्यावर घरच्या टेबलाशी बसावंसं वाटतं तसं वाटत होतं. तिघं पुन्हा एका टेबलाभोवती, याहून मला आयुष्यात काय हवं होतं?

मग तिसऱ्या खुर्चीची गादी हलली. आधी कडेला सुरकुती पडली, मग मधला भाग हळूच खाली जाऊ लागला. खूप दिवसांनी बसायचं असलेल्या, बसण्याची सवय मोडलेल्या माणसासारखं. एनिडनी त्या बाजूला हात पुढे केला. त्या हाताचा रंग मनगटापर्यंत ओसरून गेला होता, आणि तो फिकटपणा वर चढत होता, कोपराकडे. डोळे मिटत होते. ओठांवर हसू तसंच.

खुर्चीच्या हातावर मला हिरवी बाही दिसली. बाहीच, पुरता माणूस नाही. आणि बाहीतून बाहेर आलेली बोटं लाकूड चाचपत होती, एकेक करून, जणू हात कुठे ठेवतात हे आठवून बघत होती.

मी काही ठरवलं नाही. माझ्या हातात मागच्या खोलीतलं बोंड होतं. ते मी त्या दबत चाललेल्या गादीवर ठेवलं. अगदी मध्यावर.

बोटं थांबली.

आम्ही सगळेच थांबलो. मग बाही मागे सरकली, घाईने, शरमल्यासारखी. चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसू लागलेला माणूस उठतो तशी. आणि माझ्या अगदी जवळ, श्वासातल्या श्वासात कोणीतरी म्हणालं, "सॉरी."

गादी हळूहळू वर आली.

तो आवाज कुणाचा होता ते मला सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी तो पुष्कळदा मनात ऐकून पाहिला आहे.

७

मी एनिडना अक्षरशः उचलून खाली आणलं. बागेत आल्यावर त्यांच्या हाताला रंग आला, ओठांनाही. मॉरिसनी काठी आणून दिली, पाणी दिलं, "उन्हाचा त्रास, दुसरं काही नाही," म्हणाले. हिरव्या कोटातल्या बाईंना बाहेर पडताना कुणी पाहिलं नव्हतं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशा एनिड माझ्याकडे वळल्या.

"तू तिला बसू दिलं नाहीस."

"ती मेरियल नव्हती. मेरियलने बोंड परत ठेवलं असतं."

"विसरली असेल," त्या म्हणाल्या. "तिकडे गेल्यावर माणसाच्या काय काय लक्षात राहतं, तुला काय ठाऊक?"

कुंपणांवरची पांढरी फुलं मागे पडत होती. सकाळी त्यांना हळू जायचं होतं. आता त्या समोर बघत होत्या.

घरी पोचल्यावर मी जाकीट काढलं तर खिशात एक बोंड निघालं. खोल्या आवरता आवरता केव्हातरी घातलेलं. मी ते कचऱ्यात टाकायला निघालो.

"थांब," एनिड म्हणाल्या. त्यांच्या गालांवर पुन्हा ते गुलाबी ठिपके होते. "स्वयंपाकघरात ठेव. तिच्या खुर्चीवर."

"कशाला?"

"म्हणजे खरं काय ते कळेल. ती असली तर उचलेल, बसेल आणि परत ठेवेल."

"परत ठेवलं तर ती येऊन गेली हे कळणार कसं?"

"हात लावून," त्या म्हणाल्या, एखाद्या मठ्ठ मुलाला सांगावं तशा. "आणि ते तुझं दुसरं काही असलं, तर बोंड सकाळी कट्ट्यावर सापडेल. मग मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही. कबूल?"

त्यांनी त्या संध्याकाळी दोन वाट्या सूप घेतलं आणि पावाचा शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही. मी कबूल म्हटलं. बोंड मेरियलच्या खुर्चीवर ठेवलं, देठ टेबलाकडे करून.

८

सकाळी मी आधी खाली आलो. वर एनिड अजून घोरत होत्या. ते मुद्दाम ऐकून मगच मी जिना उतरलो. स्वयंपाकघरात सूर्य नुकता भांड्यांवर आला होता. खिडकीचा कट्टा रिकामा होता.

बोंड खुर्चीवर होतं. देठ टेबलाकडे. होतं तसं.

मला केवढं हायसं वाटलं. किटली भरली, चालू केली, कप काढले. बराच वेळ मी त्या खुर्चीकडे पाठ करून उभा राहिलो. मग वळलो आणि बोंडाच्या शेजारी तळहात ठेवला.

गादी गरम होती. मध्ये खड्डा होता, फार खोल नाही.

एकतर ती मेरियल होती. नाहीतर काल ते शिकलं होतं. काय चुकलं, कुठे चुकलं, आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे खोलीखोलीत बोंडं परत ठेवून मीच माझ्या हाताने त्याला दाखवून दिलं होतं. हात तिथेच ठेवून मी या दोन्हींतलं एक निवडायचा प्रयत्न करत होतो. किटली उकळून आपोआप बंद झाली.

वरून दार उघडल्याचा आवाज आला. काठी न घेता, भराभर, एनिड जिन्याच्या तोंडाशी आल्या.

"डेस? आहे का रे गरम?"

त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की मला वर बघवेना. कालचा, मनगटापर्यंत रंग ओसरलेला तो हात माझ्या डोळ्यांसमोर आला.

"नाही," मी म्हणालो. "गार आहे."

आणि माझ्या तळहाताखाली, अगदी सावकाश, कोणी उठावं तशी गादी वर आली.